वीतभर सरकवलेला नारळ

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. देवापुढेही मी याचा उच्चार केलेला नाही. कोर्टात मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून खरं काढण्याचा धंदा केला आणि माझ्या स्वतःच्या तोंडून हे एवढंसं वाक्य कधी निघालं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असलात तरी आता मला त्याची फारशी पर्वा उरलेली नाही.

पण एकदम सांगता येत नाही. माझा स्वभाव आधी सांगावा लागेल.

मी संशयी माणूस आहे. नागावात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि अलिबागच्या कोर्टात माझी वकिली चालते – बरी चालते. संशय हा वकिलाचा गुण आहे असं मी लोकांना सांगत आलो. घरी मात्र त्याचं काय होतं, ते माझ्या बायकोला, यमुनेला विचारा. लोणच्याच्या बरणीचा दादरा मी माझ्या गाठीने बांधायचो. माझी गाठ वेगळी, ती सुटली की मला कळायचं. नारळ पाडायला चढणाऱ्या पाडेकऱ्याने माड उतरवला की झावळांखाली एखादा नारळ लपवलेला तर नाही ना, हे मी काठीने ढोसून बघायचो. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघायचो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मला पिवळं दिसायचं आणि मी त्याला चोख नजर म्हणायचो.

तर अशा माणसाने मोटार घेतली.

जुनीच होती. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने वापरून सोडलेली, वर कापडी टप, पुढे दोन पितळी दिवे आणि त्या दिव्यांच्या मधोमध बाहेर आलेला लोखंडी हँडल. तो गरागरा फिरवल्याशिवाय ती जागी व्हायची नाही. आमच्या पंचक्रोशीत तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. ती आली त्या दिवशी अर्धं गाव अंगणात उभं होतं, आणि मी मनातल्या मनात त्यातला कोण तिच्या पितळेकडे कसा बघतो आहे याची नोंद घेत होतो.

मोटार ठेवायची कुठे? नारळ साठवायची आमची एक खोपी होती. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. लांबीने मोटारीला जेमतेम पुरेल एवढी, आणि रुंदीने विचारूच नका. गवंडी म्हणाला, मागची भिंत पाडून चार हात पुढे घेऊ. मी म्हटलं, भिंतीला हात लावायचा नाही. मोटारीवरच इतका खर्च झाला होता की तिच्या घरावर आणखी दमडी घालायची माझी तयारी नव्हती. शिवाय मागच्या भिंतीपलीकडे आमची विहीर, तिथे गवंड्यांचा राबता मला नको होता. मग ती मोटार त्या बिळात रोज न आपटता घालायची कशी, हा प्रश्न उरला.

पहिले काही दिवस आमचा वाडीतला गडी, राघो, आत उभा राहून ओरडायचा – "येवद्या, येवद्या, येवद्या... बास!" त्याचा 'बास' नेहमी चार बोटं उशिरा यायचा. मग माडाचं एक खोड आडवं टाकलं, चाक त्याला अडेल म्हणून. अडायचं, पण दणका बसायचा, आणि टायर खराब होतील या धास्तीने मीच ते काढून टाकायला लावलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. त्या खोपीत चाक अडवणारं जे एकमेव लाकूड होतं, तेही मीच काढलं. नंतर जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या, त्या कोंबड्यांनी उकरल्या. एका मडगार्डाला दोन पोचे पडले आणि मला रात्रीची झोप लागेना.

तेव्हा गोमा आला.

गोमा हा रेवदंड्याचा कोळी, बुधा तांडेलाचा मुलगा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, सुकाणू ज्याच्या हातात तो. बुधाचं नाव खाडीच्या दोन्ही काठांवर होतं. गोमा मधली चारेक वर्षं मुंबईला एका शेटजीकडे राहून मोटार शिकला होता. बाप थकला की सुकाणू याच्याच हातात यायचं, हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. तोवर हाताशी काम असावं म्हणून तो माझ्याकडे लागला. तिशीचा, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. कमी बोलणाऱ्याचा मला फार संशय येतो.

त्याने पहिल्या दिवशी खोपी आतून-बाहेरून बघितली. काही मागितलं नाही. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत लांब जाईल असा एक बांबू वर वाशांना बांधला. त्या बांबूवरून सुंभाने एक सुका नारळ लोंबता सोडला, मोटारीच्या पुढच्या काचेच्या उंचीला. मागच्या भिंतीवर चुन्याचा एक उभा पट्टा ओढला. झालं. त्यात माझा ना पैसा गेला ना वेळ. मी विचारलं, हे काय?

तो म्हणाला, "आमी होडी खाडीत घालतो तशीच घालायची, वकीलसाब. नारळानं पट्टा झाकला म्हंजे गाडी सरल. नारळ काचेला लागला म्हंजे थांब. बास."

मग त्याने मला समजावून सांगितलं. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. तांडेल पाण्याकडे बघतच नाही. तो काठावरच्या दोन खुणा बघतो – पुढे एक ठराविक माड आणि त्याच्या मागे किल्ल्याच्या तटाचा एक कोपरा. दोन्ही एकावर एक आले की होडी सरळ घालायची. फाकले की समजायचं, वाळू आली. बाहेरच्या उन्हातून खोपीच्या अंधारात शिरताना असंच होतं, काही दिसत नाही. पण पांढरा पट्टा आणि नारळ तेवढे दिसतात. कोळ्याच्या पोराला आणखी काय लागतं?

त्या दिवसापासून मोटार रोज त्याच जागी उभी राहू लागली. हँडल आणि भिंत यांच्यात चार बोटं. रोज चारच. अलिबागचे एक डॉक्टर मुद्दाम बघायला आले आणि त्यांच्या घरी तसाच नारळ टांगला. त्यांना मी सांगितलं, ही आमचीच एक युक्ती. 'आमची' म्हटलं. गोमा शेजारी उभा होता.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगायला मला जड जातं. एकदा बोलता बोलता मी त्याला विचारलं होतं, तुमचा तो खुणेचा माड कुणी तोडला तर? तो माझ्याकडे बघतच राहिला. "त्याला कोन कोयती लावल?" म्हणाला. "ज्याच्या जागंत हाय तो पन न्हाय लावत. एक डाव एकानं तोडाय काढलेला, तं सगला कोलीवाडा त्या माडाखाली जाऊन बसला व्हता. निशानी हलली म्हंजे अख्खी होडी गेली, वकीलसाब. निशानी हलवनाऱ्याला आमी मानूस न्हाय म्हनत."

हे मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढे जे केलं ते अजाणता केलं असं म्हणायची सोय मला नाही.

संशय कधी सुरू झाला? मुंबईच्या कामासाठी मला महिन्यातून एकदा तरी रेवसहून लाँचने जावं लागे. गोमा मला बंदरावर सोडून मोटार घरी आणून ठेवायचा, आणि मी दोन दिवसांनी परतायचो. एकदा परतल्यावर मोटारीत बसलो तर मागच्या बैठकीला सुक्या बोंबलांचा वास. आमच्या घरी मासे खातात, पण मोटारीत कोण खातं? दुसऱ्या खेपेला पेट्रोलचा डबा हलका वाटला. मी तो हातात घेऊन दोनदा जोखला. तिसऱ्या खेपेला मी लवकर परतलो, खोपीत गेलो – मोटार जागच्या जागी, हँडलपुढे चार बोटं. पण नारळ हलत होता. वारा नव्हता, कौलातून झुळूकही येत नव्हती. आणि नारळ अगदी सावकाश, इकडून तिकडे हलत होता.

तुम्ही काय समजला असता? मी समजलो की हा माझ्या मोटारीतून मासळीच्या पाट्या वाहतो. अलिबागच्या बाजारात नेतो. भाडी मारतो. किती भाडी, कुणाची – माझ्या डोक्यात त्याची आख्खी फिर्याद तयार झाली. विचारलं का? नाही. विचारलं की चोर सावध होतो, हे मी अशिलांना शिकवत आलो होतो. मी पुरावा गोळा करायला लागलो. चाकाशेजारी तांदळाच्या पिठाची बारीक ओळ घातली, ती मुंग्यांनी नेली. चाकाखाली एक पान ठेवलं, ते गोमाने सकाळी झाडलोटीत काढलं. रोज खोपी झाडायची त्याला सवय. मला त्यातही लबाडी दिसली.

मग मला ती कल्पना सुचली. किती खूश झालो होतो मी स्वतःवर!

वैशाख होता. मी जाहीर केलं की या खेपेला बंदरावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारीने जाणार, उगाच पेट्रोल कशाला जाळायचं. आपली गाडी दोन दिवस खोपीतच राहील. निघण्याआधी, राघो विहिरीवर असताना, खोपीत गेलो. मोटारीच्या पायरीवर चढलो आणि बांबूवरची सुंभाची ती कडी पुढे, भिंतीकडे सरकवली. एक वीत. हा माझा अंगठा आणि ही करंगळी, एवढी.

हिशेब असा की गोमाने चोरून गाडी काढली तर परत ठेवताना तो नारळावर भरवसा ठेवणार, आणि गाडी वीतभर पुढे उभी राहणार. मी आल्याबरोबर मोजणार. पंच बोलावायचे, गाडी हलल्याचं दाखवायचं, संपलं. दिव्यांपासून भिंत दीड वीत होती, म्हणजे अर्धी वीत उरत होती. आपटायचा प्रश्नच नव्हता. मी दिव्यापासून मोजलं होतं. हँडल दिव्यांच्या वीतभराहून जास्त पुढे आलेला असतो, हे रोज डोळ्यांसमोर असून माझ्या लक्षात आलं नाही. चार बोटांच्या जागेत मी वीतभर सापळा लावला.

गाडी बाहेर काढताना त्याला दिसेल, अशी मला थोडी भीती होती. खोपीची जमीन अंगणाकडे उतरती होती. ब्रेक सोडला की मोटार आपोआप मागे घरंगळत यायची, आणि गोमा बाजूने चालत, स्टिअरिंगच्या चाकाला हात लावून, पाठीमागे बघत तिला बाहेर आणायचा. मग अंगणात हँडल मारायचा. तरी नारळ आणि काच यांच्यात फट पडलेली त्याला दिसायला हवी होती. मला दिसली असती. पण आपल्याच हाताने बांधलेल्या खुणेकडे कोण संशयाने बघतो?

मी मुंबईला गेलोच नाही. रेवसच्या वाटेवर एका पक्षकाराकडे उतरलो, सकाळ काढली, आणि दुपारी परत फिरलो. दोन दिवस सांगून अर्ध्या दिवसात. नागावात सर्व्हिसच्या मोटारीतून उतरलो आणि आमच्या गल्लीला वळलो, तोच आवाज आला.

चढावर आत शिरायचं म्हणून गोमाला तिथे जोर द्यावा लागे. त्या जोरासकट हँडल चिऱ्याच्या भिंतीवर बसला होता. मी धावत अंगणात आलो. खोपीतून वाफ बाहेर येत होती, इंजिनची पाण्याची टाकी फुटली होती. गोमा भिंत धरून उभा. कपाळ काचेवर आपटलं होतं, डाव्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. आणि यमुना – बाहेर जायचं लुगडं नेसलेली – ओट्यावरून पळत येत होती. मला बघून ती थबकली. मग एका दमात म्हणाली, "मीच नेली होती गाडी. आईला ताप आहे, रेवदंड्याला. तुम्ही बैलगाडीने जा म्हणता, दिवस मोडतो त्यात. दर खेपेला मीच त्याला नेते. त्याला काही बोलू नका."

बोंबील तिच्या आईने दिलेले होते.

म्हणजे मला तिथेच, त्या क्षणी, सगळं कळलं होतं. चोर नव्हताच. माझ्या बायकोला तिच्या आजारी आईकडे जायला माझी भीती वाटत होती, आणि त्या कमी बोलणाऱ्या माणसाने तिचं गुपित तोंडातून काढलं नव्हतं, एवढीच भानगड होती. मला लाज वाटली का? वाटली. पण लाजेच्या आधी दुसरंच काही आलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो नारळाचा.

राघो आणि यमुना गोमाला विहिरीवर घेऊन गेले, जखम धुवायला. मी खोपीत शिरलो. वाफेत काही दिसत नव्हतं. पायरीवर चढलो. नारळ काचेपासून अजून चार-पाच बोटं दूर लोंबत होता – म्हणजे गोमाने काहीही चुकीचं केलं नव्हतं, तो खुणेपर्यंत पोहोचलाही नव्हता. मी वर हात घातला. सुंभाची कडी मागे ओढली. बांबूवर तिच्या जुन्या जागी घासून झालेला पट्टा होता, बरोबर त्यावर आणून बसवली. आता नारळ काचेवर तिरपा टेकला. कुणीही बघून म्हणालं असतं की गाडी नारळाला रेटून पुढे गेली आहे.

याला किती वेळ लागला असेल? तुमच्या दोन श्वासांएवढा. मी खाली उतरलो आणि हात रुमालाला पुसले.

मग मी लोकांना आत बोलावलं. हो – बोलावलं. आवाज ऐकून शेजारीपाजारी जमलेच होते. पंचनामा करतात तसा मी तिथे उभा राहून बोललो. गोमाला म्हटलं, बघ, नारळ कुठे आहे. गोमा ओला पंचा भुवईवर दाबून आत आला. त्याने नारळ बघितला. मग बांबू बघितला. नारळाच्या सुंभापासून मागच्या भिंतीपर्यंत हाताने मोजलं, एक हात, दोन हात, तीन हात. मोजणी बरोबर आली, कशी येणार नाही, मीच बसवली होती.

"मला तं नारल लांब दिसला," तो म्हणाला. एवढंच. मग पुन्हा, स्वतःशीच, "लांब दिसला मला."

नाचता येईना अंगण वाकडं – ही पळवाट प्रत्येकाला असते. पट्टा पुसला होता, ऊन डोळ्यावर होतं, ब्रेक लागला नाही, काहीही म्हणता आलं असतं. गोमाने कशालाही बोल लावला नाही. आणि इथे तर अंगण खरोखरच वाकडं होतं, ते मी वाकडं केलं होतं आणि पुन्हा सरळ करून ठेवलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ताडी प्यालाय. मी 'नाही' म्हटलं नाही. मी फक्त मान हलवली. कशी हलवली ते ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवलं.

यमुनेने त्या संध्याकाळी मला विचारलं, "तुम्ही आधी एकटे आत कशाला गेला होतात?"

"नुकसान बघायला," मी म्हटलं.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण तेव्हापासून जेवताना ती माझ्याकडे बघते, तेव्हा मला वाटतं तिला ठाऊक आहे. कधी वाटतं नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांवर पहारा केला, त्याच्यावर आता घरातलं प्रत्येक माणूस पहारा करतं आहे असं त्याला वाटतं. खाई त्याला खवखवे.

मी गोमाला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच आला आणि मोटारीची चावी ओट्यावर ठेवली. "माजी नजर बिगडली, वकीलसाब," म्हणाला. मी नुकसान मागितलं नाही म्हणून गावाने माझी वाहवा केली. मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले. अलिबागला कोर्टाच्या बाररूममध्येही ती गोष्ट पोहोचली. मी ती वाहवा घेतली, दोन्ही हातांनी घेतली.

तरी तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, एका ड्रायव्हरची नोकरी गेली. मीही स्वतःला तेच सांगत होतो. श्रावणापर्यंत.

नारळी पौर्णिमेला आम्ही रेवदंड्याला यमुनेच्या माहेरी होतो. होड्या रंगवलेल्या, पताका लावलेल्या, सगळा कोळीवाडा बंदरावर. त्या वर्षी बुधा तांडेल सुकाणू सोडणार, हे आम्ही आधीपासून ऐकून होतो. म्हाताऱ्याने समुद्राला नारळ दिला, होडीवर चढला, आणि सुकाणूवर आपल्या पुतण्याचा हात ठेवला. गोमाचा नाही.

शेजारच्या एका म्हाताऱ्या कोळणीला मी विचारलं – मुद्दाम विचारलं, मला ठाऊक होतं तरी. ती म्हणाली, "गोमाच न्हाय बोलला. मला धा मानसांचा जीव नको म्हनला. मला जे जवल हाय ते लांब दिसतं. बा लय रडला त्याचा."

गोमा कमरेइतक्या पाण्यात उभा होता. इतर चौघांबरोबर खांद्याने होडी लोटत होता. भुवईवरचा व्रण पांढरा दिसत होता. होडी पाण्यात गेली, पुतण्याने ती खाडीच्या तोंडाकडे वळवली, आणि मी बघितलं – पाण्यात उभ्या गोमाची मान आपोआप मागे, त्या माडाकडे आणि तटाच्या कोपऱ्याकडे वळली. मग त्याने मान खाली घातली.

मी तिथून पंचवीस पावलांवर होतो. एक वाक्य होतं फक्त. 'गोमा, नारळ मी हलवला होता.' पाच शब्द. म्हातारा अजून होडीवर होता, सुकाणू अजून परत मागता आलं असतं. मी काय केलं? माझे जोडे ओले होत होते म्हणून मी वर कोरड्यात जाऊन उभा राहिलो. भीती कशाची होती? ते मला मारतील याची नाही. उद्या कोर्टात मी कुणाला खोटारडा म्हटलं तर बाकांवरून कुणीतरी हसेल, याची. एवढीशी भीती. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं म्हणतात. मी संन्याशाला स्वतःच्या हाताने गळ्यात दोर घालून घ्यायला लावलं, आणि चोर पायांना पाणी लागू नये म्हणून वर सरकून उभा राहिला.

बुधा पुढच्या वर्षी वारला. पुतण्या चांगला तांडेल निघाला, असं ऐकतो. गोमा जाळी विणतो, मासळी वाळत घालायला मदत करतो. समुद्रावर जात नाही. मोटार मी विकली. खोपीत पुन्हा नारळ ठेवतात. पट्टा आहे, बांबू आहे, आणि तो नारळही आहे. तो काढायला मी कुणाला सांगितलं नाही, का ते मला नीट सांगता येणार नाही.

आता शेवटचं, आणि हे त्याहून वाईट आहे.

मागच्या कार्तिकात गोमा घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात पापलेटची जोडी, माडाच्या पातीत ओवलेली. यमुनेच्या आईचं वर्षश्राद्ध झाल्याचं ऐकलं म्हणून बायसाहेबांना भेटायला आलो, म्हणाला. बसला, पाणी प्याला. मग जरा चाचरत म्हणाला, "वकीलसाब, यक डाव खोपी बघू?"

मी त्याला घेऊन गेलो. तो दारात उभा राहिला, जिथे मोटारीत बसल्यावर त्याचं डोकं यायचं बरोबर त्या उंचीला वाकून. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. नारळ आणि पट्टा कितीतरी वेळ बघत राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"दोनी एकावर एक हायेत," तो म्हणाला. "डाव्यानं पन. उजव्यानं पन. लांबी पन बरोबर दिसते मला." मग माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत संशय शोधला आहे, मला तो ओळखता येतो, तिथे नव्हता. तिथे फक्त प्रश्न होता. "मंग त्या दिवशी काय झालं असल, वकीलसाब? तुमी शिकलेले. तुमीच सांगा."

त्याने मला विचारलं. दुसरं कुणी नव्हतं. यमुना स्वयंपाकघरात होती, राघो माडावर. तो आणि मी, आणि मधे तो नारळ.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "होतं असं, गोमा. माणसाचे डोळे. एखाद्या क्षणी दगा देतात."

त्याने मान डोलावली. "व्हय," म्हणाला. "तसंच असल." आणि त्याने वाकून मला नमस्कार केला आणि गेला.

दुपारी यमुनेने त्या पापलेटचं कालवण केलं, कोकम घालून. छान झालं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.